एडिसन फोनोग्राफची बोलती जाहिरात

1906 साली थॉमस अल्वा एडिसन यांच्या ‘नॅशनल फोनोग्राफ कंपनी’ने एक ध्वनिमुद्रिका काढली, ती विकण्यासाठी नव्हती. फोनोग्राफच्या दुकानदाराने ती यंत्रावर चढवायची आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. मेणाच्या या नळकांड्यात गाणे नाही. दोन मिनिटे खुद्द यंत्रच बोलते. आपले नाव सांगते, आपल्या निर्मात्याला जादूगार म्हणते आणि मग आपले गुण मोजू लागते : गाणी, हसवणारे किस्से, नाचाला साथ, तान्ह्या बाळाला अंगाई, परभाषेचे धडे. हा आवाज लेन स्पेन्सर यांचा. विनोदी संवाद आणि नकला ध्वनिमुद्रित करण्यात तेव्हा त्यांचा मोठा लौकिक होता.

या यंत्राचा खरा इतिहास मात्र या दोन मिनिटांत मावणारा नव्हता, आणि सोयीचाही नव्हता. एडिसन यांनी 1877 मध्ये कथलाच्या वर्खावर आवाज उमटवला. पुढे विजेच्या दिव्याच्या मागे लागल्यावर त्यांनी जवळजवळ दहा वर्षे फोनोग्राफ बाजूला ठेवला. त्या काळात अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या व्होल्टा प्रयोगशाळेत चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी वर्खाऐवजी मेणात खाच कोरण्याची रीत सिद्ध केली आणि 1886 मध्ये तिचे पेटंट मिळवले. एडिसन मेणाकडे वळले ते त्यानंतर. स्तुतिपर मुद्रिकेत या दोघांचे नाव येणे शक्यच नव्हते. पण ज्या मेणातून ही स्तुती ऐकू येत होती, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

एकाच मुद्रणाच्या हव्या तितक्या प्रती काढणे ही या धंद्यातली जुनी अडचण. सुरुवातीला गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा म्हणावे लागे. 1902 पासून एडिसन यांची कंपनी साच्यातून नळकांडी ओतू लागली. मूळ मेणावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवायचा, त्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा जाड लेप बसवायचा आणि तयार झालेल्या साच्यातून प्रती काढायच्या. ही नळकांडी मिनिटाला 160 फेरे घेत आणि सुमारे दोन मिनिटे वाजत.

तोवर तबकडीने बाजारात पाय रोवले होते. तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीकडे एन्रिको कारुसोसारखा गायक होता, आणि याच 1906 साली तिने कर्णा पेटीच्या आत दडवलेले ‘व्हिक्ट्रोला’ यंत्र आणले. म्हणूनच जाहिरातीतले एक आश्वासन महत्त्वाचे ठरते : माझ्यासमोर गा किंवा बोला, मी ते जपून ठेवीन आणि पुन्हा ऐकवीन. तबकडीचे घरगुती यंत्र हे करू शकत नव्हते. घरच्या माणसांचा आवाज घरातच टिपण्याची ही सोय फोनोग्राफची सर्वांत मोठी जमेची बाजू होती.

तरीही या जाहिरातीत गौरव होता तो यंत्राचा आणि संशोधकाचा, गायकाचा नव्हे. भारतात 1902 मध्ये कोलकात्यात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा गायिका गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव पुकारत असे. इथे नाव पुकारत होते यंत्र. एडिसन यांनी 1912 मध्ये स्वतःच्या तबकड्या बाजारात आणल्या, तेव्हाही सुरुवातीच्या तबकड्यांवर कलावंताचे नाव नसे. श्रोता यंत्राच्या गुणवत्तेसाठी पैसे मोजतो, हा एडिसन यांचा समज होता. त्यांच्या तबकडीचा आवाज उत्तम होता, तरी लोक आवडत्या गायकाचे नाव पाहून खरेदी करत राहिले. ऑक्टोबर 1929 मध्ये एडिसन यांच्या कंपनीने घरगुती करमणुकीच्या ध्वनिमुद्रिकांचे उत्पादन बंद केले.

1906 च्या जाहिरातीचे ध्वनिमुद्रण मात्र टिकले आहे. एडिसन यांच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेचे आता राष्ट्रीय स्मारक झाले आहे. तिथल्या संग्रहातून ते आजही ऐकायला मिळते.