करंगळीएवढी फट आणि मधमाश्यांचा हिवाळा



बर्फ पडायला लागला की मुलांचा एक प्रश्न येतोच: "मधमाश्या आता कुठे गेल्या?" तुमच्याकडे आला, तर ही गोष्ट जरूर सांगा.

मधमाश्या कुठेही जात नाहीत, झोपतही नाहीत. राणीला मध्ये घेऊन एकमेकींना बिलगतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. त्यासाठीचं इंधन म्हणजे उन्हाळ्यात साठवलेला मध.

नेमका तोच माणसाला हवा असायचा. युरोप-अमेरिकेत पूर्वी पेंढ्याच्या उलट्या टोपल्यांत माश्या पाळत. पोळी आतून टोपलीला चिकटलेली, मध काढायचा तर सगळं मोडायचं. म्हणून हिवाळ्याआधी कित्येक टोपल्या जळत्या गंधकावर धरून माश्याच मारून टाकत. वर्षभर राबायचं आणि शेवटी हे बक्षीस!

हे बदललं फिलाडेल्फियाच्या लोरेंझो लँगस्ट्रॉथ या धर्मगुरूंमुळे. १८५१ साली त्यांना एक युक्ती सुचली. साधारण ९ मिलिमीटरची फट माश्या ये-जा करायला मोकळी सोडतात. फारच लहान असेल तर राळेसारख्या चिकट पदार्थाने बुजवतात, मोठी असेल तर तिथे पोळं बांधतात. मग त्यांनी लाकडी पेटीत, भोवती तेवढीच फट सोडून, सुट्या चौकटी लटकवल्या. चौकट उचला, जास्तीचा मध घ्या, हिवाळ्यापुरता माश्यांना ठेवा. कुणाला मारायला नको!

१८५२ मध्ये पेटंट मिळालं, पण नकलाच इतक्या झाल्या की त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. त्यात नैराश्याचा आजारही वर्षानुवर्षं सोबतीला. तरी आज जगभर त्यांच्याच पद्धतीच्या पेट्या दिसतात.

चांगल्या पेटीत आणखी एक काळजी घेतात. माश्यांच्या उबेबरोबर वाफ वर जाते, थंड झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि खाली माश्यांवरच ठिबकतं. कोरडी थंडी त्या सोसतात, पण ओल जीव घेते. म्हणून झाकणाला उबदार थर देतात, वर हवेला वाट ठेवतात.

आणि हो, अमेरिकेतली ही मधमाशी मूळची तिथली नाही. १६२२ च्या सुमारास ती युरोपातून जहाजाने व्हर्जिनियात आली. म्हणजे तीही आपल्यासारखीच, घर सोडून आलेली!

सुट्टीत महाबळेश्वरला गेलात, तर आपल्या सातेरी माश्यांच्या पेट्यांतही अशाच चौकटी दिसतील. मुलांना ती फट नक्की दाखवा. आणि सांगा, घ्यायचं ते दुसऱ्याच्या हिवाळ्यापुरतं ठेवून.