हॉल ऑफ फेममध्ये कोण: देवधर की बाळू?

२०२५ च्या जून महिन्यात महेंद्रसिंग धोनीचं नाव आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालं, तेव्हा सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. धोनीबद्दल वाद नव्हताच. वाद पेटला तो ‘पुण्याचं कोण?’ या प्रश्नावर. २००९ मध्ये ही यादी सुरू झाली, तेव्हा पहिल्या ५५ नावांत गावसकर, बेदी आणि कपिल देव होते. पुढे कुंबळे, द्रविड, तेंडुलकर, विनू मंकड, सेहवाग, डायना एदलजी, नीतू डेव्हिड आले. अस्सल पुणेकर म्हणावा असा त्यात कुणी नाही.

आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी क्षणभरही न थांबता नाव घेतलं, प्रोफेसर देवधर. मी म्हटलं, बाळू पालवणकर. काका थांबले आणि म्हणाले, “आता क्रिकेटमध्येही जात आणणार का?” तेव्हा मला नीट उत्तर सुचलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, आकडे मांडले. हा लेख म्हणजे काकांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी देवधरांची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. दिनकर बळवंत देवधर १८९२ मध्ये पुण्यात जन्मले. स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. १९२६ मध्ये आर्थर गिलिगनचा एमसीसीचा संघ भारतात आला, तेव्हा मुंबईत ऑल इंडियाकडून खेळताना त्यांनी १४८ धावा काढल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळायला ज्या कामगिऱ्यांनी हातभार लावला, त्यांत ही खेळी धरली जाते. पण १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा देवधर चाळिशीचे झाले होते आणि वयाचं कारण पुढे करून त्यांना इंग्लंडला नेलं नाही. या ‘म्हाताऱ्या’नं पुढे काय केलं? महाराष्ट्राचा कप्तान म्हणून १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राला त्यानंतर तो आजवर मिळालेला नाही. मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. १९४४ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षात, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतकं ठोकली. १९९३ मध्ये गेले तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती. त्यांच्या नावानं करंडक आहे, टपाल तिकीट निघालं, पद्मभूषण मिळालं, गहुंजेच्या स्टेडियमवर पुतळा आहे. त्यांच्या मोठेपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बाळूंची कथा वेगळ्या टोकापासून सुरू होते. मूळचं कोकणातलं चांभार कुटुंब, वडील लष्करात नोकरीला, जन्म धारवाडचा आणि वाढ पुण्याची. पोरवयात पुण्यातल्या पारशांच्या एका क्लबाच्या मैदानावर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते कॅम्पातल्या युरोपियनांच्या जिमखान्यात लागले, पगार चार रुपये. तिथे नेट बांधायची, खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना सराव म्हणून चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा भारतातला अव्वल गोरा फलंदाज. तो म्हणे इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूंनी आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. आठ आण्यांची गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण ग्रेगसारख्याला बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करावासा वाटत होता, एवढं तिच्यातून नक्की कळतं. या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हातात बॅट मात्र कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, चेंडू टाकायचा गड्यानं.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं आणि त्यासाठी हा डावखुरा फिरकी गोलंदाज हवा होता. प्रश्न स्पृश्यास्पृश्यतेचा होता. क्लबात त्यावरून वाद झाला. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. अखेर घेतलं. मैदानावर एकाच चेंडूला सगळ्यांचे हात लागत होते. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा आणि जेवणाचं पान वेगळं मांडलं जायचं. त्यांनी सामने जिंकून दिले तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे सुनावल्याची नोंद आहे: यांच्याबरोबर खेळता, तर यांच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे? टिळकांनीही त्यांचा गौरव केला. रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या २००२ मधल्या पुस्तकानं हे सगळं पुन्हा लोकांपुढे आणलं. त्याआधी माझ्यासारख्या पुण्यात वाढलेल्या क्रिकेटवेड्यानंही बाळूंचं नाव ऐकलेलं नव्हतं. देवधरांचं मात्र शाळेपासून पाठ होतं.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले, तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली ऑल इंडियाचा संघ इंग्लंडला गेला. संघ २३ सामन्यांपैकी १५ हरला. त्या पडझडीत बाळूंनी दौऱ्यावर ११४ बळी घेतले, त्यांतले ७५ प्रथम श्रेणी सामन्यांत. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं त्यांचा सत्कार केला आणि त्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलं जातं.

आता हॉल ऑफ फेमच्या मोजपट्टीकडे येऊ. काकांचा पहिला मुद्दा असा होता की यादी आंतरराष्ट्रीय क्रिकेटची आहे आणि बाळू एकही कसोटी खेळलेले नाहीत. हा नियम लावला तर देवधरही बाद होतात, हे काकांनी लगेच मान्य केलं. पण यादी चाळली तर तिचे चालक इतके कडक नाहीत असं दिसतं. दक्षिण आफ्रिकेचा बॅरी रिचर्ड्स अवघ्या ४ कसोट्या खेळला, ५०८ धावा केल्या आणि तो पहिल्या ५५ मध्ये आहे. का? कारण वर्णभेदी राजवटीमुळे त्याच्या देशावर बहिष्कार पडला आणि त्याच्या हाती पुढचे सामनेच आले नाहीत. इतिहासानं ज्याचं क्रिकेट हिरावलं त्याला चार सामन्यांवर तोलायचं नाही, असा उदार विचार तिथे झाला. तो योग्यच होता. मग वर्णभेदामुळे एका गोऱ्या फलंदाजाचं जे नुकसान झालं ते भरून काढायची जी उदारता दिसते, ती जातिभेद आणि साम्राज्य यांच्या कात्रीत सापडलेल्या गोलंदाजाच्या वाट्याला का येऊ नये? २०२१ मध्ये आयसीसीनं पाच कालखंडांतून प्रत्येकी दोन अशी दहा नावं घेतली. १९१८ पूर्वीच्या खंडातून ऑब्री फॉकनर आणि माँटी नोबल आले. त्या खंडात भारताला कसोटी दर्जाच नव्हता, म्हणजे ‘सगळ्या कालखंडांना न्याय’ देतानाही भारतीयांसाठी दार उघडण्याचा प्रश्न आला नाही.

काकांचा दुसरा मुद्दा दर्जाचा होता. मुंबईच्या तिरंगी-चौरंगी सामन्यांतले बळी कसोटीतल्या बळींसारखे कसे? इथे मी विल्फ्रेड ऱ्होड्सला साक्षीला बोलावतो. यॉर्कशायरचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज बाळूंच्याच पिढीतला, वयानं दीड-दोन वर्षांनी लहान. बाळूंना त्या काळी ‘हिंदुस्थानचा ऱ्होड्स’ म्हणायचे. ऱ्होड्स हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि त्यानं प्रथम श्रेणीत ४,२०४ बळी घेतले, जो आजही विक्रम आहे. पण ते १,११० सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे चारहून कमी, सरासरी १६.७२. बाळूंचे ३३ सामन्यांत १७९ बळी, सामन्यामागे पाचांहून जास्त, सरासरी १५.२१. बाळू ऱ्होड्सपेक्षा श्रेष्ठ होते असं या आकड्यांवरून म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. ऱ्होड्सनं मधली कित्येक वर्षं मुख्यतः फलंदाज म्हणून काढली आणि त्याच्यासमोरचे फलंदाज जास्त कसलेले होते. इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर, इंग्लिश फलंदाजांसमोर, ७५ बळी प्रत्येकी २०.१२ धावांत घेणारा माणूस मात्र कुठल्याही काळात अव्वल गोलंदाज ठरला असता, एवढं म्हणता येतं.

या तुलनेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा वयाचा आहे. ऱ्होड्स विशीत पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. तोही खालच्या वर्गातला, ज्या इंग्लंडमध्ये हौशी साहेब आणि पगारी खेळाडू वेगवेगळ्या दारांनी मैदानात उतरत. पण तिथे पगारी खेळाडूच्या प्रत्येक बळीची नोंद होत होती. बाळू पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. १७९ बळी ही तिशी ते पंचेचाळिशीची कमाई आहे. सोळा ते वीस या वयात, हात सर्वांत सैल असताना, ते कॅम्पात रोलर फिरवत होते आणि नेटमध्ये साहेबांचे त्रिफळे उडवत होते. नेटमधल्या बळींची वही नसते.

काकांनी विचारलं होतं ना, क्रिकेटमध्ये जात कुणी आणली? मातीच्या भांड्यानं आणली. कप्तानपदानंही आणली. कर्तृत्व असूनही बाळूंना हिंदू संघाचं कप्तानपद कधी मिळालं नाही. १९२० मध्ये तर त्यांना स्पर्धेच्या सुरुवातीला संघातूनच वगळलं. कप्तान एम. डी. पई आजारी पडले तेव्हा कप्तानपद बाळूंचे भाऊ विठ्ठल किंवा शिवराम यांच्याकडे न जाता त्यांना कनिष्ठ असलेल्या देवधरांकडे गेलं. दोघा भावांनी जाहीर निषेध करून माघार घेतली. गाजावाजा झाला, तेव्हा अंतिम सामन्यासाठी तिघेही परत आले, बाळू उपकप्तान झाले, आणि पई काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंनी संघाचं नेतृत्व करावं. पंधरा वर्षांच्या गोलंदाजीचा मोबदला असा उसन्या घेतलेल्या काही षटकांचा. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली.

यात अठ्ठावीस वर्षांच्या देवधरांचा दोष काढायचा माझा हेतू नाही. निवड त्यांनी केली नव्हती. पण आमच्या फेरफटक्यातला वाद शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला होता आणि तेव्हाही देवधरांचं नाव आधी घेतलं गेलं होतं, हे वाचून मी चरकलो.

बाळू विसरले गेले याला त्यांचं राजकारणही कारण असावं असं मला वाटतं. १९३२ मध्ये येरवड्यात झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे आणि ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या तिकिटावर थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी हरले. दलित चळवळीला त्यांना फार आठवावं असं वाटलं नाही आणि सवर्ण क्रिकेटला त्यांची आठवण अडचणीची होती. १९५५ मध्ये ते वारले.

एकच जागा असेल तर माझं मत बाळूंना. मात्र ते दया म्हणून मागायचं नाही. ‘सोसलं म्हणून सन्मान’ असं म्हटलं की गोलंदाज पुन्हा पॅव्हेलियनच्या बाहेर जातो, फक्त भांडं मातीचं नसतं. हॉल ऑफ फेमचा अर्ज चेंडूच्या जोरावर करायचा, आणि सोसण्याचा उल्लेख फक्त एवढ्यासाठी की आकडे कमी का आहेत हे वाचणाऱ्याला कळावं. देवधरांच्या बाबतीत वय आडवं आलं. बाळूंच्या बाबतीत काळही आडवा आला आणि माणसंही.

परवा काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प चालत राहिले आणि म्हणाले, “दोघांना घ्या की. दुबईची वाट कशाला पाहायची, इथेच लावा एक पाटी.” मला पटलं. पाटी लावलीच तर कुठे लावायची आणि वर काय लिहायचं, यावर आता आमचं चालू आहे. देवधरांचा मजकूर लगेच ठरला. बाळूंसाठी मी सुचवलेला असा आहे: डावखुरे फिरकी गोलंदाज, ३३ सामने, १७९ बळी. आणि खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत: पुण्यात घेतलेले बळी मोजलेले नाहीत.