कोकणातील उष्ण पाण्याचे झरे

कोकणातील उष्ण पाण्याचे झरे हा महाराष्ट्राच्या पश्चिम किनारपट्टीवर, सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्या दरम्यान आढळणाऱ्या नैसर्गिक गरम झऱ्यांचा समूह आहे. उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत, ३०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या पट्ट्यात, या झऱ्यांची सुमारे १८ स्थळे नोंदली गेली आहेत. पृष्ठभागावर त्यांच्या पाण्याचे तापमान साधारणतः ३४ ते ७१ अंश सेल्सिअस असते. हा प्रदेश ज्वालामुखीजन्य खडकाचा असला, तरी झऱ्यांची उष्णता कोणत्याही जिवंत ज्वालामुखीची नाही. जमिनीत खोलवर मुरलेले पावसाचे पाणी तेथे तापून भेगांवाटे वर येते. अनेक झऱ्यांच्या जवळपास प्राचीन बंदरे, लेणी व बाजारपेठा असल्याने भूविज्ञान आणि इतिहास या दोन्ही दृष्टींनी हा पट्टा अभ्यसनीय आहे.

नावे

गरम झऱ्यांच्या कुंडाला बोलीभाषेत ‘उन्हाळे’ किंवा ‘ऊन पाण्याचे कुंड’ म्हणतात. ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’ या शब्दापासून आला आहे. कोकणातील उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे ही गावे आणि कोकणाबाहेरील उनपदेव (जळगाव जिल्हा) व उनकेश्वर (नांदेड जिल्हा) ही स्थळे यांच्या नावांत हाच शब्द दिसतो. शास्त्रीय नोंदी होण्याच्या कितीतरी आधी लोकांनी झऱ्यांची जागा गावाच्या नावात जतन करून ठेवली होती.

उगम

महाराष्ट्राचा बराचसा भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हारस वेळोवेळी बाहेर पडला आणि त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज या लाव्हाथरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. इतक्या दीर्घ काळात त्या लाव्हारसाची मूळ उष्णता कधीच निवून गेली आहे. त्यामुळे ‘काळा कातळ आहे, म्हणून झरा गरम आहे’ हा प्रचलित समज बरोबर नाही.

खरे कारण भूगर्भाची सर्वसाधारण उष्णता हे आहे. जमिनीत खाली जावे तसे तापमान वाढत जाते. ही वाढ दर किलोमीटरला ३० अंश धरली, तर २७ अंशांचे पाणी ७० अंशांपर्यंत तापण्यास सुमारे दीड किलोमीटर खोली पुरते. वर येताना पाणी थोडे निवते आणि उथळ भूजलातही मिसळते. म्हणून प्रत्यक्षात ते याहून खोल जात असले पाहिजे. पाण्यातील क्षारांच्या प्रमाणावरून केलेल्या गणितांनुसार काही झऱ्यांच्या मुळाशी तापमान १०० अंशांच्या पुढे असावे, असा अंदाज आहे.

अशा प्रवासासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात: भरपूर पाणी, खोल जाणाऱ्या भेगा आणि वर येण्याची वाट. कोकणात वार्षिक पर्जन्य ३,००० मिलिमीटरच्या आसपास असते, आणि किनाऱ्याला बहुतांशी समांतर जाणारे भूस्तरभंग पाण्याला खाली-वर जाण्यास मार्ग देतात. झरे विखुरलेले न राहता एका रेषेत का आढळतात, याचे उत्तर या भेगांत आहे.

घाटमाथ्यापलीकडील देशाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. सातारा जिल्ह्यातील म्हसवड आणि त्याभोवतीचा माणदेश त्याच बेसाल्टवर वसला आहे. सिद्धनाथाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव माणगंगेच्या काठी असून या भागात वार्षिक पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर पडतो. येथील विहिरींचे पाणी मुरमात आणि कातळाच्या वरच्या फुटलेल्या थरांत साठते. ते फार खोल जात नसल्याने साध्याच तापमानाचे राहते. खडक एकच असूनही घाटाखाली ऊन पाण्याची कुंडे आणि घाटावर थंड पाण्याच्या विहिरी असा भेद पाणी व भेगा यांच्यामुळे पडतो.

पाण्याचे गुणधर्म

बहुतेक झऱ्यांचे पाणी किंचित अल्कधर्मी असून त्यात सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड आणि सल्फेट यांचे प्रमाण साध्या भूजलापेक्षा अधिक असते. काही ठिकाणी गंधकाचा दर्प येतो. पाण्यासोबत निघणाऱ्या बुडबुड्यांत मुख्यतः नायट्रोजन असतो. काही झऱ्यांत हेलियमही आढळला आहे. पाण्यातील समस्थानिकांच्या तपासणीवरून हे पाणी मूलतः पावसाचेच असल्याचे दिसते. खारटपणा मात्र कोठे समुद्राच्या पाण्याच्या मिश्रणामुळे, तर कोठे खडकातून विरघळलेल्या क्षारांमुळे आलेला असावा, असे अभ्यासक मानतात.

प्रमुख स्थळे आणि परिसर

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी – तानसा नदीच्या खोऱ्यातील हा झऱ्यांचा समूह मुंबईच्या सर्वांत जवळचा आहे. नदीपात्रात आणि काठावर बांधीव कुंडे आहेत. १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकल्यानंतर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर बांधविले. गणेशपुरी हे स्वामी नित्यानंद यांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्धीस आले. जवळच वसईचा किल्ला आणि सोपारा हे प्राचीन बंदर आहे. सोपारा येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, तर १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले.

उन्हेरे – रायगड जिल्ह्यात पालीजवळ. पाली हे अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान असून गावामागे सरसगड उभा आहे. देवदर्शनास येणारे अनेक भाविक उन्हेऱ्याच्या कुंडांनाही भेट देतात.

सव – महाडजवळ, सावित्री नदीच्या परिसरात. महाड हे जुने खाडीबंदर होते. गांधारपाले येथील बौद्ध लेणी त्याच्या वेशीवर आहेत आणि रायगड किल्ला नजीकच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे प्रस्थापित करणारा हा लढा या परिसराच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय.

उन्हवरे – दापोली-खेड परिसरातील हा झरा कोकणातील सर्वांत उष्ण मानला जातो. उगमाशी पाणी सुमारे ७० अंश तापमानाचे असल्याने तेथे थेट उतरता येत नाही. निवविलेल्या पाण्याच्या कुंडातच स्नान करतात. जवळच्या पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. त्यांत बौद्ध, शैव आणि नाथ संप्रदायांच्या खुणा एकत्र आढळतात. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हे मध्ययुगातील मोठे बंदर होते. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने परतीचा समुद्रप्रवास येथूनच सुरू केला.

आरवली, तुरळ, राजवाडी – मुंबई-गोवा महामार्गालगत, संगमेश्वर तालुक्यात. यांपैकी तुरळचे पाणी सुमारे ६० अंशांचे, तर आरवलीचे त्याहून बरेच सौम्य, सुमारे ४० अंशांचे असते. थोड्या अंतरावर असलेल्या कसबा संगमेश्वर येथे कर्णेश्वराचे कोरीव मंदिर आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत मोगलांनी छत्रपती संभाजी महाराजांना संगमेश्वरातच कैद केले.

राजापूर (उन्हाळे) – पट्ट्याचे दक्षिण टोक. येथील पाणी सुमारे ४२ अंशांचे असल्याने स्नानास सुसह्य आहे. राजापूर हे अर्जुना नदीवरील जुने व्यापारी शहर. येथे इंग्रजांची वखार होती. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्यास घातलेल्या वेढ्यात येथील इंग्रजांनी त्याला तोफांसह साहाय्य केले. त्यामुळे १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेऊन वखारीतील इंग्रजांना कैद केले. याच परिसरात ठरावीक काळाने प्रकट होणारी ‘राजापूरची गंगा’ आहे. ती व ऊन पाण्याचा झरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अभ्यास आणि ऊर्जा

भारतातील उष्ण झऱ्यांची पहिली मोठी यादी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे टॉमस ओल्डहॅम यांनी तयार केली. ती १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६६ मध्ये केंद्र सरकारने उष्ण झऱ्यांच्या उपयोगाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. त्यानंतर कोकणपट्ट्याचे पद्धतशीर सर्वेक्षण झाले आणि काही ठिकाणी संशोधनासाठी विंधन विवरे घेण्यात आली. १९९१ मध्ये भारताचा भूऔष्णिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. कोकणातील झऱ्यांवर व्यावसायिक वीजनिर्मिती होत नाही. येथील तापमान मध्यम असल्याने वीजनिर्मितीपेक्षा आंबा, काजू व मासळी वाळविणे यांसारखे थेट उपयोग अधिक सुकर ठरतील, असे मत मांडले जाते.

क्युशूशी तुलना

ज्वालामुखीजन्य भूमी, गरम झरे आणि ऐतिहासिक शहरे असे तिन्ही विशेष जपानच्या क्युशू बेटावरही एकत्र आढळतात. मात्र तेथील ज्वालामुखी जिवंत आहेत. आसो पर्वताचे विस्तीर्ण ज्वालाकुंड आणि कागोशिमा शहरासमोर वारंवार राख ओकणारा साकुराजिमा ही त्याची उदाहरणे होत. बेप्पू या एकाच शहरात झऱ्यांचे दोन हजारांहून अधिक उगम आहेत, आणि १९७७ पासून हाच्चोबारू येथे भूगर्भातील वाफेवर वीज तयार होते. राजापुरात जशी इंग्रजांची वखार होती, तशी नागासाकीजवळील देजिमा या कृत्रिम बेटावर १६४१ पासून दोन शतकांहून अधिक काळ डचांची वखार होती. कुमामोतोचा किल्ला आणि दाझाइफूचे प्राचीन शासनकेंद्रही या बेटावरच आहे.

दोन प्रदेशांतील आणखी एक फरक व्यवस्थापनाचा आहे. जपानमध्ये १९४८ पासून उष्ण झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे. उगमाशी २५ अंश किंवा अधिक तापमान असलेले, अथवा ठरावीक क्षार असलेले पाणी त्याच्या कक्षेत येते. नवे विंधन घेण्यास परवानगी लागते आणि पाण्यातील घटक स्नानगृहात फलकावर लिहावे लागतात.

प्रवास आणि दक्षता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भेटीस योग्य काळ आहे. पावसाळ्यात नदीकाठची कुंडे पुराच्या पाण्याखाली जातात. बहुतेक स्थळे मुंबई-गोवा महामार्गावरून गाठता येतात. कोकण रेल्वेची वीर, खेड, आरवली रोड, संगमेश्वर रोड आणि राजापूर रोड ही स्थानके सोयीची आहेत. म्हसवड-सातारा भागातून येणाऱ्यांना कराड, पाटण, कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येता येते.

त्वचारोग व संधिवात या पाण्याने बरे होतात, अशी श्रद्धा आहे. उबेने स्नायूंना आराम मिळतो. परंतु त्यास औषधोपचाराचा पर्याय समजू नये. पाण्यात उतरण्यापूर्वी तापमानाचा अंदाज घ्यावा, फार वेळ बसू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

संवर्धन

झऱ्याचे अस्तित्व जमिनीखालील अरुंद वाटांवर अवलंबून असते. उगमाच्या निकट घेतलेली खोल कूपनलिका, पाया खणण्यासाठी केलेले सुरुंगकाम किंवा उगमावर केलेले काँक्रीटीकरण यांमुळे पाण्याची दिशा, तापमान व प्रवाह बदलू शकतो. लाव्हारसाचा आधार नसल्याने खाली मुरणारे पावसाचे पाणी हीच या झऱ्यांची खरी पुंजी आहे. त्यामुळे कुंडात साबण व कपडे धुणे टाळण्याइतकेच वरच्या डोंगरउतारावरील झाडी राखणेही महत्त्वाचे ठरते. कुंडात आज वर येणारे पाणी फार पूर्वी पडलेल्या पावसाचे असते. त्यामुळे डोंगरावर झालेल्या हानीचा परिणाम झऱ्यावर लगेच दिसेलच असे नाही, आणि तो दिसू लागल्यावर भरून काढणेही सोपे नसते.