ओडेसाच्या डॉक्टरांचे निदान

युरोपातील ज्यूंच्या अर्वाचीन इतिहासात १७९१ या वर्षाला विलक्षण महत्त्व आहे. त्या वर्षी सप्टेंबरात क्रांतिकारी फ्रान्सने ज्यूंना समान नागरिकत्व दिले. आणि त्याच वर्षी रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनने त्यांच्या वास्तव्यावर अशी मर्यादा घातली की पुढे साम्राज्याच्या पश्चिम प्रांतांचा एक पट्टाच त्यांच्या नशिबी आला. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यात पन्नास लाखांहून अधिक ज्यू मोजले गेले. त्यांतील बहुतेक याच पट्ट्यात, यिडिश बोलत, लहानसहान व्यापार आणि कारागिरी करून जगत होते.

ज्यू राष्ट्रवाद या कोंडलेल्या, गरीब माणसांतून उगवला, असे आपण सहज समजतो. आम्हांस मात्र तो दार उघडेल या भरवशाने उंबऱ्यापर्यंत जाऊन पोचलेल्यांचा विचार वाटतो. बर्लिनच्या मोझेस मेंडेल्सझोनने अठराव्या शतकातच तोराचे जर्मन भाषांतर करून ते हिब्रू लिपीत छापले होते. स्वतःचा धर्म राखून देशाची भाषा आपलीशी करावी, हा त्यामागचा हेतू. ओडेसाचे डॉक्टर लिओन पिन्स्कर याच वाटेचे पथिक. मॉस्कोत वैद्यक शिकलेला हा गृहस्थ ज्यूंनी रशियन भाषा आत्मसात करावी म्हणून वर्षानुवर्षे झटत होता.

मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला. एप्रिलात येलिसावेतग्राद येथे ज्यूंची घरे-दुकाने लुटली जाऊ लागली आणि ते लोण कीव्ह, ओडेसापर्यंत पसरले. याहून बोचरे हे की सरकारने पुढच्याच वर्षी, १८८२ च्या मे महिन्यात, निर्बंध लादले ते ज्यूंवरच! त्याच वर्षी पिन्स्करांनी बर्लिनमध्ये जर्मन भाषेत एक निनावी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘स्वयंमुक्ती’. ज्यूद्वेष हा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मनोविकार ठरवला. विकार असल्यामुळे त्यावर युक्तिवादाची मात्रा चालणार नाही. दुसऱ्याने मुक्त करण्याची वाट पाहू नये, स्वतःची भूमी मिळवावी. ती पॅलेस्टाइनच असावी, असा त्यांचा आग्रह त्या वेळी नव्हता.

व्हिएन्नाच्या एका दैनिकाचे पॅरिसमधील वार्ताहर थिओडोर हर्झल यांनी ‘ज्यूंचे राज्य’ लिहिले, तेव्हा पिन्स्करांची पुस्तिका त्यांनी वाचलेलीही नव्हती. समान नागरिकत्व प्रथम देणाऱ्या फ्रान्सच्या राजधानीत, जानेवारी १८९५ मध्ये, ड्रेफ्युस या ज्यू अधिकाऱ्याची जाहीर मानहानी त्यांनी पाहिली होती. हर्झल यांचे पुस्तक १८९६ मध्ये निघाले आणि ऑगस्ट १८९७ मध्ये बाझल येथे पहिली झायनवादी परिषद भरली.

परंतु बाझल म्हणजे सारा ज्यू समाज नव्हे, हे विसरून चालणार नाही. दोनच महिन्यांनी व्हिल्ना येथे ‘बुंद’ ही ज्यू कामगारांची संघटना स्थापन झाली. तिने यिडिशचा कैवार घेतला आणि जिथे राहतो तिथेच हक्क मिळवू, असे ठरवले. सामान्य माणसाने तर दोन्ही बाजूंना बगल देऊन जहाज पकडले. १८८१ ते १९१४ या काळात वीस लाखांहून अधिक ज्यू पूर्व युरोप सोडून गेले, ते बहुतांशी अमेरिकेला. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांना, असा छळ कधी सोसावाच लागला नाही. पिन्स्करांचे निदान युरोपचे होते, हे त्यावरून कळावे.

चळवळीच्या आतूनही एक खडा सवाल आला होता. हिब्रूचे थोर निबंधकार अहद हाअम १८९१ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन आले. ती भूमी ओसाड पडलेली नाही, तेथे अरब शेती करीत आहेत, असे त्यांनी परतल्यावर लिहिले. ते फार थोड्यांनी मनावर घेतले. पुढे नाझींनी सुमारे साठ लाख ज्यूंचा संहार केला आणि बुंदचे व्हिल्ना पुसले गेले. १९४८ मध्ये इस्रायल उभे राहिले. त्या वेळच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरादाराला मुकले.