रोजचा एक चेहरा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. कपडे उन्हात पडतात, भांडी चिंचेने घासली जातात आणि तळाशी ठेवलेले जुने फोटो हातोहात फिरू लागतात. आमच्या ट्रंकेत लग्नातला एक फोटो आहे. त्यात आमचे आजोबा आहेत. पण पुढे बसलेल्या पाहुण्याच्या फेट्याआड त्यांचा अर्धा चेहरा गेला आहे आणि उरलेला अर्धा वाळवीने खाल्ला आहे. त्यांचा दुसरा फोटो नाही. ज्या माणसाने विहीर खणली, संत्र्याची कलमे लावली, चार पोरांना शाळेत घातले, त्याचा चेहरा आज कोणाजवळही नाही. ज्यांना तो आठवत होता, तीही माणसे एकेक करून गेली.

ही कथा एकट्या आमच्या घरची नाही. पांढुर्णा-सौंसरच्या कितीतरी घरांत आजी-आजोबा नावापुरते उरले आहेत. म्हणून या दिवाळीला एका जुन्या सवयीचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे वाटले. ती सवय म्हणजे रोज एक चेहरा कागदावर उतरवण्याची. आपल्या मराठी माणसांनी ती कशी अंगी बाणवली, हे पाहिले तर ‘ही देवाची देणगी असते, आपल्याला कुठून जमणार’ हा आपला ठरलेला बचाव फार टिकत नाही.

मराठी मुलखात समोर माणूस बसवून हुबेहूब चित्र काढण्याची पाश्चात्त्य रीत आली ती पेशवाईच्या उत्तरकाळात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्यास गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने केलेले चित्र प्रसिद्ध आहे. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची एक शाळाही निघाली. तेथे तयार झालेला गंगाराम तांबट हा आपला माणूस. वेरूळची लेणी, पुण्यातले पहिलवान, प्राणी, जे समोर दिसेल ते तो पाहून काढी. मनातल्या ठशावरून न काढता डोळ्यांनी पाहून काढणे, हा या शिक्षणातला नवा धडा होता. १७९५ साली वेल्स वारला. ती शाळा टिकली नाही, पण धडा राहिला.

या धड्याला नेमाची जोड मिळाली ती मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १८५७ साली ही शाळा सुरू झाली. प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाशाचा अभ्यास करायचा, मग जिवंत माणूस समोर बसवायचा, असा तेथला क्रम. १८९० च्या आरंभी कोल्हापूरचा एक तरुण तेथे दाखल झाला. महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्याचे नाव. विद्यार्थी, मग शिक्षक, पुढे तेथेच हेडमास्तर आणि अखेरीस काही काळ प्रभारी संचालक, अशी एकाच वास्तूत त्यांची एक्केचाळीस वर्षे गेली. आपल्या आत्मचरित्रालाही त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ असेच नाव दिले.

आम्हा मास्तरांना धुरंधरांचे विशेष वाटते ते त्यांच्या पदांमुळे नव्हे. दिवसभर वर्ग सांभाळणारा हा माणूस हातातले स्केचबुक सोडीत नसे. रस्त्यावरचा भय्या, कोळीण, पारशी गृहस्थ, पाणी भरणाऱ्या बाया, सगळ्यांना त्यांच्या पेन्सिलीने टिपले. ही शिदोरी जन्मभर पुरली. एडवर्ड्सच्या मुंबईविषयीच्या पुस्तकातली चित्रे असोत, किंकेडच्या कहाण्यांच्या पुस्तकातली असोत, की १९२० साली निघालेल्या ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथातली असोत, त्यांतली माणसे खरी वाटतात, कारण ती आधी कधीतरी खरोखर पाहिलेली होती. त्यांची कन्या अंबिका याही चित्रकार झाल्या. रोज चित्र काढणारा बाप ज्या घरात असतो, त्या घरात मुलांना चित्रकलेचा वेगळा उपदेश करावा लागत नाही.

दिवाळीच्या अंकात आणखी एक चित्र आठवणे योग्यच. हातात निरांजन धरलेली, बोटांआडून उजेड झिरपत असलेली तरुणी आपण कॅलेंडरवर पाहिली आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे वाटते. ते आहे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकर यांचे, १९४५-४६ च्या सुमारास केलेले, आणि तेही जलरंगातले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवाळीच्या दिवसांत हातात दिवा घेतलेल्या स्वतःच्या मुलीला पाहून हळदणकरांना ते सुचले आणि तिलाच त्यांनी समोर उभे केले. जगाने वाखाणलेला हा चेहरा शोधायला त्यांना घराबाहेर जावे लागले नाही. मात्र तो चेहरा कागदावर उतरवण्याआधी त्यांच्या हाताने कित्येक वर्षे रोजचे काम केले होते.

कोणी म्हणेल, मुंबईची गोष्ट वेगळी. तेथे शाळा, प्रदर्शने, पदके. आपण मध्य प्रदेशातले, आडबाजूचे. त्यांनी इंदूरकडे पाहावे. होळकरांच्या त्या नगरीत १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेची शाळा उभी केली. साधने बेताचीच, पण मुलांना घेऊन ते उघड्यावर जात आणि समोरच्या उजेडात रंगवायला लावीत. पदविकेची परीक्षा मात्र मुंबईची द्यावी लागे. नारायण श्रीधर बेंद्रे याच शाळेचे. त्यांनी मुंबईची पदविका घेतली. पुढे बडोद्यास शिकवून त्यांनी चित्रकारांची एक पिढी घडवली आणि १९९२ साली पद्मभूषण झाले. दे. ज. जोशी इथलेच. विष्णू चिंचाळकर गुरुजीही इथलेच, ज्यांना पुढे वाळक्या पानात आणि काटकीतही चेहरे दिसू लागले.

आणि मकबूल फिदा हुसेनही काही काळ देवळालीकरांच्याच हाताखाली शिकले. जन्म पंढरपूरचा, लहानपण इंदुरात. मुलाने चित्रकार व्हावे की नाही, या विवंचनेत असलेल्या वडिलांना बेंद्र्यांनी घरी येऊन समजावले, ही आठवण हुसेन यांनीच सांगून ठेवली आहे. पुढे मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी पोट भरले. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला आमच्या ट्रंकेतल्या फोटोशेजारी ठेवावीशी वाटते. ते अगदी तान्हे असताना त्यांची आई वारली. तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. त्यांच्या चित्रांत मातेची आकृती पुन्हा पुन्हा येते, पदर असतो, कडेवर मूल असते, आणि चेहऱ्याची जागा कितीदा तरी कोरी असते. जगभर नावाजलेल्या चित्रकारालाही न पाहिलेला चेहरा काढता आला नाही. चेहरा समोर आहे तोवरच तो काढता येतो.

आपल्या आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर सैयद हैदर रझा यांचे घ्या. १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी त्यांचा जन्म झाला. त्यांचे चित्त थाऱ्यावर नसे, म्हणून प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसवले. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांचे केंद्र झाला. चित्रकलेचे पहिले रीतसर शिक्षण त्यांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपुरास घेतले. त्या काळी नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ती राजधानी आपल्यापासून तुटली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि आपले तोंड भोपाळकडे झाले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, तरी भाषेचा पेच तोच आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्ही आणि डोंगराकडून येणाऱ्या लेकरांच्या तोंडी गोंडी. आजीचे बोलणे नातवाला समजते, पण लिहिता येत नाही. आजीची गोष्ट तो हिंदीत लिहितो आणि तिची अर्धी चव जाते. आजीचा चेहरा काढायला मात्र त्याला कोणतीच लिपी लागत नाही. आपल्यासारख्या दुभाषी मुलखात चित्राचे हे मोल मला फार मोठे वाटते.

आता थोडे स्वतःविषयी. विद्यार्थिदशेत नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीने मी पुष्कळ प्रवास केला. २०१५ साली ती गाडी बंद झाली आणि नंतर मोठी लाइन आली. छोटी गाडी इतकी सावकाश चाले, की समोरच्या बाकावरचा माणूस सौंसर येईतो पाठ होऊन जाई. तेव्हा वहीच्या मागच्या पानावर मी चेहरे काढी. नोकरी लागली आणि ते सुटले. पुढे मी ज्या शाळेत होतो तेथे चित्रकला शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामीच राहिली. चित्रकलेच्या तासाला गणित घेणाऱ्यांत मीही होतो, हे येथे कबूल करतो.

आई आजारी पडली तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. आम्ही तिला माय म्हणत असू. संध्याकाळी ती ओट्यावर बसे. एके दिवशी एकाएकी आजोबांचा तो फोटो आठवला. दुकानातून चाळीस पानी वही आणली आणि तिच्यासमोर बसलो. पहिले चित्र पाहून ती म्हणाली, “हे कोन होय? माही सासू दिसते.” हसू आले, पण वाईटही वाटले. जिला जन्मभर पाहिले, तिचे डोळे नाकापासून किती अंतरावर आहेत, हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून रोज दिवेलागणीपूर्वी पंधरा मिनिटे हा नेम ठेवला. पहिले दोन महिने एकही चित्र तिच्यासारखे आले नाही. मग चुका दिसू लागल्या. नवशिक्या माणूस डोळे कपाळात चढवतो; खरे तर ते डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मधोमध असतात. कान भुवईच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंत येतो. डोळे बारीक करून पाहिले की तपशील मावळतो आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. ते नीट बसले की चेहरा ओळखू येतो, एकेक सुरकुती कोरून येत नाही. उजेड एका बाजूने असावा, म्हणून खिडकी किंवा ओटा बरा. खोडरबर दूर ठेवावे आणि चुकलेले पान फाडू नये. तारीख घालून पुढच्या पानावर जावे.

पेन्सिलीचे सहा महिने झाल्यावर रंग घेतले. पिवळा ऑकर, तांबूस बर्न्ट सिएना आणि निळा अल्ट्रामरीन, एवढ्या तीन रंगांत आपल्याकडचे बहुतेक वर्ण येतात. जलरंगात आधी फिका हात द्यावा, उजेडाची जागा कागदाचीच राखावी, पहिला थर वाळल्यावर गडद सावली घालावी. समोर बसायला कोणी नसेल तर आरसा आहेच. हॉलंडचा रेम्ब्रांट हा सतराव्या शतकातला थोर चित्रकार. त्याने तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत स्वतःचीच सुमारे ऐंशी चित्रे केली. आपण आठवड्यातून एक करायला हरकत नसावी.

वाचक विचारतील, हाती मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? मोबाइल चेहरा साठवतो हे खरे. आमच्या मोबाइलमध्येही मायचे पुष्कळ फोटो आहेत. पण तिच्या डाव्या भुवईत लहानपणी लागलेल्या विळ्याची खूण आहे, हे मला चित्र काढताना दिसले. ती कशी लागली, हे मी विचारले तेव्हा तिने सांगितले. त्या पंधरा मिनिटांत तिच्या माहेरची, संत्र्याच्या बगीच्याची, आजोबांच्या रागाची कितीतरी हकिकत बाहेर आली. आजोबांचे नाक कसे होते, हेही तेव्हाच कळले. “तुह्यासारखंच होतं,” ती म्हणाली.

माय गेली त्याला आता काही वर्षे झाली. सात वह्या मागे राहिल्या. त्यांतली फार तर दहा-बारा चित्रे लोकांना दाखवण्याजोगी आहेत. बाकीची चुकलेली. पण कोणत्या संध्याकाळी ती थकलेली होती आणि कोणत्या संध्याकाळी लेक माहेरी आल्याने खुलली होती, हे त्या चुकलेल्या चित्रांतही कळते.

सध्या आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतर दहा मिनिटे मुले शेजाऱ्याचा चेहरा काढतात. गुण नाहीत, परीक्षा नाही. चित्रकलेच्या तासाला आता कोणी गणित घेत नाही. सगळीच मुले चित्रकार होतील, असा माझा भ्रम नाही. परंतु रोज दहा मिनिटे दुसऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहणारे पोर त्याला सहजासहजी परके मानणार नाही, एवढी आशा ठेवायला काय हरकत आहे?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर नवी वही ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. यंदा जमाखर्चाच्या वहीशेजारी एक कोरी वही ठेवावी. भाऊबीजेला घर भरलेले असेल. फराळानंतर घरातल्या सर्वांत वडील माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि पहिले पान काढावे. ते चुकेल. दुसऱ्या दिवशी दुसरे काढावे.