तात्यांचा डबा

स्मरणिका समितीनं लेख मागितला तेव्हा मी आधी ‘आपल्या भागातील सहकार’ असा विषय ठरवला होता. चार पानं लिहिलीही. पण त्यावर दुसरे तीन सभासद लिहिताहेत असं समजलं आणि एका परीनं बरंच झालं. कारण एका माणसाचं देणं माझ्याकडं बरीच वर्षं राहून गेलं आहे.

जुन्या सभासदांना माझे चुलते आठवत असतील. सोसायटी उभी राहिली तेव्हा तात्या ऐंशीला टेकले होते. सकाळ-संध्याकाळ फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसायचे. त्या वेळची पोरं, जी आज पुण्यात नोकऱ्या करतात, त्यांना ‘डबेवाले आजोबा’ म्हणायची. “आजोबा, डबा आला का?” असं विचारून पळायची. हे नाव पोरांनी पाडलेलं नव्हतं. ते गावातूनच आलं होतं. तात्या महायुद्धात इटलीला जाऊन आले, पण तिथं त्यांनी बंदूक चालवली नाही, नुसता डबा वाहिला, असं घरातच बोललं जायचं. लहानपणी मला तर वाटायचं की ते साहेबांचा जेवणाचा डबा नेत असतील. पुढं मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, दुसरं महायुद्ध पाटीवर काढून दाखवलं, तरी त्या डब्यात काय होतं हे त्यांना नीट विचारलं नाही.

तो डबा म्हणजे वायरलेस सेट. इंग्रजी फौजेत त्याला ‘अठरा नंबरचा सेट’ म्हणत. १९४० च्या सुमारास तो पायदळासाठी आला. कंपनीनं बटालियनच्या मुख्यालयाशी बोलायचं ते यावर. वजन बॅटरीसकट साधारण पंधरा किलो, म्हणजे गव्हाचं लहान पोतं पाठीला बांधून चिखलातून चालायचं. सहसा दोघांची जोडी असे. एकानं वाहायचा, दुसऱ्यानं कानाला हेडफोन लावून चालवायचा. आत काचेचे व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या जुन्या मर्फी-बुश रेडिओत असायचे तसलेच, गरम झाल्याशिवाय आवाज न देणारे. घरातला रेडिओ फळीवर बसून असतो. हा सेट माणसाबरोबर पडायचा, भिजायचा, खड्ड्यात आपटायचा.

त्याहून लहान ‘अडतीस नंबर’ प्लाटूनसाठी होता. तो छातीवर बांधत, बॅटरी वेगळ्या पिशवीत, आणि माइक तोंडासमोर नाही तर गळ्याला पट्ट्यानं आवळलेला. पल्ला जेमतेम मैलभर. म्हणजे आपल्या फाटकातून बोललं तर भवानीनगरच्या कारखान्याच्या चिमणीपर्यंत ऐकू जाईल, तेही मधे ऊस उभा नसेल तर. हे थट्टेनं लिहीत नाही. ओली झाडी, टेकडी, दरी यांत हे सेट खरंच मुके व्हायचे. रात्री आणखी वाईट. त्या लहरींवर रात्री दूरदूरची स्टेशनं येऊन आदळतात. आपलं लहान मिडियम-शॉर्टवेव्ह रेडिओचं वय आठवा: दिवसा न लागणारी परदेशी स्टेशनं रात्री कशी खणखणीत लागायची! घरात ती मौज. लढाईत मात्र आपल्याच टेकडीमागचा आवाज त्या गोंगाटात बुडायचा.

अमेरिकनांनी यावर तोड काढली. शिकागोच्या गॅल्विन कंपनीनं (हीच पुढं मोटोरोला झाली) पाठीवरचा एफएम सेट बनवला. एफएममध्ये खरखर कमी, पल्ला तीनेक मैल. ‘वॉकी-टॉकी’ हे नाव मुळात या पाठीवरच्या सेटचं. हातात धरायच्या अडीच किलोच्या छोट्या सेटला ते ‘हँडी-टॉकी’ म्हणत. आपला रात्रीचा वॉचमन हातात धरतो तो खरं तर हँडी-टॉकी, पण आता कोण दुरुस्त करणार! तो ‘रॉजर’ म्हणतो तेही तेव्हाचंच. त्या काळच्या अक्षरमालेत ‘आर’ला रॉजर म्हणत, आणि आर म्हणजे ‘रिसीव्ह्ड’, निरोप मिळाला.

विमानातून उतरणाऱ्या फौजेची गत आणखी बिकट. सेट पायाला बांधलेल्या पिशवीत घालून उडी मारायची, जमीन जवळ आली की पिशवी दोरीनं खाली सोडायची. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नेमला इंग्रजांची अख्खी पॅराशूट डिव्हिजन उतरली. उतरायची जागा आणि काबीज करायचा पूल यांत बारा-तेरा किलोमीटर अंतर, मधे झाडी आणि घरं. म्हणजे सणसरहून निघून काटेवाडी ओलांडली आणि बारामतीच्या निम्म्या वाटेवर आलो, एवढं. सेटचा पल्ला त्याहून फार कमी. पुलावरच्या तुकडीला मागचे काय करताहेत कळेना आणि मागच्यांना पुलावर काय चाललंय ते कळेना. पूल हातचा गेला. हार होण्याची कारणं अनेक होती, पण त्यांत हे मोठं.

आपल्या माणसांनीही ते भोगलं. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या संगशाक या नागा गावाच्या टेकडीवर आपली ५० वी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांनी कोंडली. तिच्यासोबत चौथ्या मराठा बटालियनचे जवान होते. टेकडीवर पाणी नाही, विमानातून टाकलेला शिधा बराचसा शत्रूच्या हद्दीत पडत होता. तिथं एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ त्यांच्या चढाईचे नकाशे सापडले. नकाशा वायरलेसवरून कसा सांगणार? एक अधिकारी तो घेऊन जंगलातून लपत पायी इंफाळला गेला. आणि २६ मार्चच्या संध्याकाळी वाट फोडून निघून या, हा हुकूम आला तो मात्र वायरलेसवरून. त्या रात्री जे चालू शकत होते ते निघाले.

म्हणूनच सेट असूनही प्रत्येक कंपनीत ‘रनर’ ठेवत. निरोप घेऊन पळणारा माणूस. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव असेच कंपनी रनर होते, पहिल्या मराठा बटालियनमध्ये. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. नदी कसली, पंधरा फूट रुंद, आपल्या नीरा कालव्याहून अरुंद. पाणी छातीएवढं. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फुटी उभे बांध, त्यांत जर्मनांची भुयारं आणि सुरुंग. नदी ओलांडताच मशिनगनच्या माऱ्यात कंपनी कमांडर आणि दोघे जखमी झाले, बाकीचे सोबती मेले. जाधवांनी एकेका जखमीला पाठीवर घेऊन नदी ओलांडली, दोन खेपा केल्या. तिसऱ्यांदा एकटे गेले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्बनं मोर्चे बंद केले. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून त्यांनी शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची आरोळी दिली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शाळेत मी हा प्रसंग दरवर्षी सांगायचो. पोरं टाळ्या वाजवायची. निरोप्याचा शेवटचा निरोप त्यांनी नुसत्या गळ्यानं आणि हातानं दिला, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

तुकोबारायांच्या पालखीचा सणसरला मुक्काम होता. गर्दी इतकी की मोबाईल कुणाचा लागेना. फाटकाजवळ बंदोबस्ताला एक तरुण पोलीस होता, त्याचा वॉकी-टॉकी चालू होता. तात्या बाकावरून उठून त्याच्याजवळ गेले. “साहेब, जरा हातात घिऊ का?” पोरगा भला होता, त्यानं दिला. तात्यांनी तो तळहातावर तोलला. “येवढासा?” म्हणाले. मग विचारलं, “बॅटरी किती येळ चालती?” दिवसभर, असं उत्तर आलं. तात्या काही न बोलता बाकावर येऊन बसले. त्या रात्री भजनं चालू असताना मी शेजारी बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाले, “डोस्कं झाकता येतं रं, काठी कुठं झाकायची?” काठी म्हणजे एरियल. ज्याच्या पाठीवर काठी, त्याच्या शेजारी साहेब, हे शत्रूला पक्कं ठाऊक. नेम पहिला काठीवर. त्यांच्या जोडीचा ऑपरेटर साताऱ्याकडचा होता, त्यांच्यापेक्षा वर्षानं लहान. थंडीत बॅटऱ्या लवकर मरायच्या म्हणून हे दोघं रात्री बॅटरी घोंगडीत घेऊन झोपायचे. एकदा डोंगर चढताना चिखल गुडघ्यापर्यंत आला, तात्यांना पाऊल उचलेना. त्यांनी जादाची बॅटरी हळूच वाटेत टाकली. एकीवर भागेल वाटलं. भागलं नाही. दुसऱ्या दिवशी ऐन वेळी सेट मुका झाला. साहेबानं जादा बॅटरी मागितली. मग ऑपरेटरला चिठ्ठी देऊन पळवलं. तो परत आला नाही.

“त्यानं इचारलं न्हाई मला, बॅटरी कुठाय म्हणून,” एवढं बोलून तात्या गप्प झाले.

१९७१ ची गोष्ट मी त्यांना पूर्वी कधीतरी वाचून दाखवली होती. ११ डिसेंबरच्या दुपारी दुसरी पॅरा, म्हणजे मूळची आपली मराठा पलटण, सातशेवर जवानांनिशी टांगाईलला उतरली आणि तिनं पुंगळीचा पूल धरला. त्याआधीच पॅराशूट ब्रिगेडच्या सिग्नल कंपनीतले कॅप्टन घोष वेश बदलून मुक्तिवाहिनीत जाऊन उतरायच्या जागा हेरत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडून पहिली मराठा पुलापाशी येऊन मिळाली. मराठा पलटण मराठा पलटणीला भेटली म्हणून माझा ऊर भरून आला होता. तात्यांनी तेव्हा एकच विचारलं होतं, “सेट चालू व्हते का त्यांचे?” मला तो प्रश्न त्या वेळी अगदीच रुक्ष वाटला होता.

त्या पालखीनंतर मी पोरांना ‘डबेवाले’ म्हणू नका असं बजावलं. तात्यांनीच मला अडवलं. “म्हनू दे. खोटं न्हाई त्यात.”

ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. दोन धोतरं, पेन्शनचे कागद, आणि खाली टॉर्चच्या सेलची पाकिटं, न फोडलेली, एकावर एक रचलेली. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्यातले किती जण रात्री त्यांच्याकडं सेल मागायला यायचे, ते आठवून पाहा. त्यांनी कुणाला नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.