ऊन आणि छप्पर



सोलापूरकरांना उन्हाची ओळख करून देण्याची गरज नाही. वैशाखात पत्र्याखाली यंत्रमाग चालविणारा कामगार ती रोजच करून घेतो. पण हेच ऊन कामाला जुंपण्याचा खटाटोप आपल्या मुलखात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी झाला होता, ही हकीकत मात्र फारशी कुणाच्या कानी आलेली नाही.

1860 साली सोलापुरास आगगाडी आली, आणि 1877 साली मोरारजी गोकुळदास यांनी येथे गिरणी काढली. तीच आपली जुनी मिल. तिची चाके वाफेवर फिरली. त्याच सुमारास मुंबईत हायकोर्टाचे उपनिबंधक विल्यम अ‍ॅडम्स कुलाब्यास आपल्या आवारात आरसे मांडीत होते. लहान लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात उभे करावयाचे, त्या सर्वांचे कवडसे मधल्या बाष्पपात्रावर पाडावयाचे, आणि सूर्य सरकेल तशी मांडणीही सरकवावयाची, अशी ती युक्ती. त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे एंजिन चालले आणि पंप फिरला. 1878 साली त्यांनी पुस्तक लिहून सांगितले की, उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल.

मग गिरण्या कोळशावरच का राहिल्या? रात्री आणि ढगाळ दिवशी आरसे निरुपयोगी होत, हे खरे. परंतु कोळशाच्या पाठीशी खाणी, आगगाडी आणि भांडवल उभे होते. आरशांच्या पाठीशी एक हौशी अधिकारी तेवढा होता. यंत्र नुसते चांगले असून भागत नाही. त्याला धोरणाचा आधार लागतो.

पुढचा इतिहास हेच सांगतो. 1954 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखविला. तो उन्हाच्या सुमारे 6 टक्के भागाची वीज करी आणि फार महाग पडे. जर्मनीने 2000 साली कायदा करून अशा विजेला 20 वर्षे ठरावीक दर बांधून दिला. भारताने 2010 साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले. गिऱ्हाईक निश्चित झाले, कारखाने वाढले, भाव उतरले.

आता प्रश्न उरतो तो वाट्याचा. 2024 च्या केंद्रीय योजनेने घरावरील 3 किलोवॉटच्या संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठरविले. अट अशी की, घर आणि छप्पर आपले पाहिजे. आम्ही ही माहिती एका बैठकीत सांगत असता भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका विडी कामगार भगिनीने विचारले, “दादा, छप्पर मालकाचं. मग ह्यात आमचं काय?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तराची एक वाट मात्र कुंभारीकडे जाते. तेथे 2006 साली विडी कामगारांची सुमारे 10,000 घरे झाली, आणि 19 जानेवारी 2024 रोजी असंघटित कामगारांना आणखी 15,000 घरे मिळाली. एकेकट्याला जे छप्पर मिळाले नसते, ते संघटनेने मिळविले. त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये धरले आहेत. म्हणजे वस्तीतील पाण्याचा पंप आणि रस्त्यावरचे दिवे उन्हावर चालविण्याची मागणी संस्था करू शकते. भाडेकरूंसाठीही अशीच तरतूद व्हावी, यासाठी अर्ज आणि मोर्चे आपणच काढले पाहिजेत.

अ‍ॅडम्सचा पंप एकट्याचा होता, म्हणून थांबला. आपला पंप वस्तीचा असू द्या.